ठिपके नसण्याची शिक्षा

जानेवारी २०२४ मध्ये देशातल्या हिमबिबट्यांची पहिली शास्त्रशुद्ध मोजणी जाहीर झाली. आकडा निघाला ७१८, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. २०१९ ते २०२३ या काळात माणसांनी जवळपास साडेतेरा हजार किलोमीटर वाटा तुडवल्या, १,९७१ ठिकाणी कॅमेरे बांधले. त्यांत २४१ वेगवेगळे हिमबिबटे टिपले गेले आणि त्यावरून गणित मांडून ७१८ हा अंदाज काढला गेला. कौतुक करावं असंच काम आहे, आणि ते मी मनापासून करतो.

पण त्याच उतारांवर, त्याच भरलांच्या आणि आयबेक्सच्या, म्हणजे डोंगरी रानमेंढ्या-रानबकऱ्यांच्या, मागावर आणखी एक शिकारी फिरत असतो. हिमालयातला लांडगा. तो भारतात किती आहे असं विचारलं तर असं मोजून काढलेलं उत्तर मिळत नाही. मिळतो तो तज्ज्ञांचा ठोकताळा. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या, धोक्यातल्या प्रजाती नोंदवणाऱ्या लाल यादीत २०२३ साली या लांडग्याची पहिल्यांदा स्वतंत्र नोंद झाली, 'असुरक्षित' या वर्गात. हिमालय आणि तिबेटचं पठार मिळून प्रौढ लांडगे २,२७५ ते ३,८१६, आणि त्यांपैकी भारतात २२७ ते ३७८. हिमबिबट्याच्या आकड्याशी याची काटेकोर तुलना करता येणार नाही, कारण इथे फक्त प्रौढ धरलेत. तरीही ज्याच्या नावाने २००९ पासून देशात स्वतंत्र प्रकल्प चालू आहे त्या प्राण्यापेक्षा हा प्राणी बहुधा संख्येने कमी आहे, आणि त्याच्या नावाने काहीच चालू नाही.

असं का, याचं एक कारण हसू यावं इतकं साधं आहे. लांडग्याच्या अंगावर ठिपके नसतात.

हिमबिबट्याच्या कातडीवरची नक्षी प्रत्येकाची वेगळी, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. कॅमेऱ्यासमोरून एकदा गेलेला प्राणी पुन्हा गेला की ओळखू येतो. नवे किती आले, जुने किती परत आले, या प्रमाणावरून कॅमेऱ्यात न आलेले किती असावेत याचं गणित बसतं. वाघांची मोजणीही याच तत्त्वावर चालते, पट्ट्यांच्या आधाराने. लांडगा मात्र करडा-पिवळट, चारचौघांसारखा. हिवाळ्यात त्याचे केस दाट होतात, उन्हाळ्यात पुंजक्यांनी गळतात, आणि तोच प्राणी दोन महिन्यांत दोन निराळे प्राणी वाटू लागतो. शिवाय टोळी म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, त्यामुळे तोंडवळाही एकच. कॅमेऱ्यात लांडग्याचे चाळीस फोटो आले, तर ते किती लांडगे हे सांगायची सोपी युक्ती नाही.

ठिपके नसल्याचा दुसरा तोटा बाजारातला. हिमबिबट्या देखणा, विरळा, गूढ. त्याच्या एका दर्शनासाठी लोक कडाक्याच्या थंडीत दुर्बिणीला डोळा लावून दिवसच्या दिवस बसतात आणि त्याचे भरपूर पैसे मोजतात. लांडगा दिसला तर "अरे, हा तर कुत्र्यासारखाच आहे" म्हणून दुर्बीण पुन्हा कड्याकडे वळते.

मोजायची सोय आणि दिसण्यातला देखणेपणा या दोन गोष्टींनी आपण प्राण्याचं महत्त्व ठरवू दिलं, अशी माझी तक्रार आहे. लांडग्याला वेगळ्या प्रकारचं संशोधन लागतं. संथ, पायी, वर्षानुवर्षं चालणारं, आणि मेंढपाळाला सोबत घेऊन केलेलं. ते उभं राहत नाही तोवर लांडग्याचं संवर्धन म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातली एक ओळ.

पायी म्हणजे काय, हे जरा सविस्तर सांगायला हवं. लांडग्याचा माग काढायचा तर त्याची विष्ठा शोधावी लागते. तो खिंडीत, वाटांच्या फाट्यावर, उंचवट्यावर ती मुद्दाम टाकतो; ती त्याची हद्दीची निशाणी असते. तिच्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की कळतं त्याने काय खाल्लं: मार्मोट (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी), भरल, याक, की कोणाची मेंढी. तिच्यातल्या डीएनएवरून कळतं की हा लांडगाच की कुत्रा, नर की मादी, आणि मागच्या महिन्यात पलीकडच्या नाल्यात सापडलेली विष्ठा याचीच होती का. लांडग्याच्या अंगावर नसलेले ठिपके असे त्याच्या विष्ठेत सापडतात. पण त्यासाठी ती ताजी हवी. साडेचार हजार मीटरवरचं ऊन डीएनएचा चुराडा करतं. म्हणजे तीच वाट पुन्हा पुन्हा चालायला हवी, वर्षातून एकदा जाऊन भागत नाही. मग नमुना वाळवायचा, जपायचा, खाली प्रयोगशाळेत पोचवायचा, आणि तिथे कळणार की पन्नासातले कितीतरी कुत्र्याचे निघाले.

दुसरी पद्धत हाळीची. माणसाने लांडग्यासारखी हाळी द्यायची आणि उत्तर येतं का ते ऐकायचं. सपाट जंगलात हे बरं चालतं. डोंगरात एक हाळी तीन कड्यांवर आपटून परत येते, वारा अर्धी पळवून नेतो, आणि टोळी या अंगाला की त्या, हे अनुभवी कानालाही सांगता येत नाही. बर्फातली पावलं हा आणखी एक मार्ग; पण टोळी बर्फातून बहुतेक एकामागे एक, आधीच्याच ठशात पाय टाकत चालते. जिथे ती पांगते तिथपर्यंत माग काढत गेलात तर संख्या कळते, नाहीतर पाचांचा माग एकाचा वाटतो.

प्राण्याच्या गळ्यात बांधून त्याचा ठावठिकाणा कळवणाऱ्या कॉलरचं मोल यात वेगळंच आहे. २०११ साली स्लोव्हेनियात एका तरुण नराच्या गळ्यात कॉलर बांधली गेली. त्याचं नाव स्लाव्च. तो त्या हिवाळ्यात ऑस्ट्रियातून फिरत इटलीत व्हेरोनाच्या वरच्या डोंगरांत पोचला, तिथे त्याला इटलीतल्या वंशाची मादी भेटली आणि दोघांनी टोळी उभारली. स्लोव्हेनियाकडच्या दिनारिक पर्वतातले आणि इटलीतले, शतकानुशतकं तुटलेले दोन वंश असे जुळले. कॉलर नसती तर हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. आपल्याकडचे लांडगे लडाखमधून तिबेटात आणि तिबेटातून लडाखमध्ये जात असणार, ते सीमा कशाला मानतील. पण कुठून, कधी, किती, हे सांगायला आपल्यापाशी स्लाव्चसारख्या कहाण्या नाहीत.

"एवढा खटाटोप करून नवं काय कळणार? लांडगा तो लांडगाच" असं कोणी म्हणेल. इथे जरा इतिहासात जातो, कारण लांडग्याबद्दल जगाला वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी डोंगरात न जाता ठरवल्या गेल्या.

१९३९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने ॲडॉल्फ म्युरी या संशोधकाला अलास्कातल्या मॅकिन्ली पर्वताच्या उद्यानात पाठवलं. तिथल्या पांढऱ्या रानमेंढ्या कमी झाल्या होत्या आणि लांडगे मारून टाकावेत अशी ओरड चालली होती. म्युरीने मैलोन्‌मैल पायपीट केली. मेलेल्या मेंढ्यांच्या आठशेहून अधिक कवट्या गोळा केल्या आणि शिंगांवरच्या वळ्यांवरून प्रत्येकीचं वय काढलं. बहुसंख्य बळी एक तर कोवळे, नाहीतर म्हातारे किंवा आजारी होते. भर वयातल्या धडधाकट मेंढ्या फारशा नव्हत्या. याच म्युरीने एका गुहेसमोर तासन्‌तास बसून टोळीचं घर पाहिलं. कोण पिल्लांपाशी थांबतं, कोण शिकारीला जातं, परतल्यावर शेपट्या कशा हलतात. त्याचं काम १९४४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यात टोळी हे एक कुटुंब म्हणून दिसतं.

तीनच वर्षांनी, १९४७ मध्ये, रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाचा बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवरचा निबंध आला. कुंपणात कोंडलेल्या लांडग्यांत मारामाऱ्या होत, एक नर आणि एक मादी वरचढ ठरत. त्यातून 'अल्फा' लांडग्याची कल्पना निघाली. १९७० मध्ये लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या गाजलेल्या पुस्तकाने ती जगभर पोचवली, आणि आजही मॅनेजमेंटच्या वर्गात टाय बांधलेली माणसं स्वतःला 'अल्फा' म्हणवून घेतात. मेक स्वतः मात्र १९८६ पासून अनेक उन्हाळे कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समियर बेटावर, मोकळ्या लांडग्यांजवळ राहिले. तिथे त्यांना वरचढ कोणी दिसला नाही. दिसले आई आणि बाप. १९९९ मध्ये त्यांनी निबंध लिहून आपलीच चूक दुरुस्त केली, आणि पुढे प्रकाशकाच्या मागे लागले की ते जुनं पुस्तक आता छापू नका. स्वतःच्या खपणाऱ्या पुस्तकाविरुद्ध भांडणारा लेखक विरळाच. पण मला यात खटकतं ते असं की खरी गोष्ट म्युरी १९४४ मध्येच सांगून गेला होता. जगाने डोंगर सोडून पिंजऱ्याचं ऐकलं, कारण पिंजऱ्यात बघणं सोपं होतं.

लांडग्याच्या शत्रूंनीच खोट्या गोष्टी पसरवल्या असंही नाही. त्याच्या चाहत्यांनीही त्यात हात राखला नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात १९२६ मध्ये शेवटचे लांडगे मारले गेले होते. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडाच्या डोंगरांतून ३१ लांडगे आणून तिथे सोडले. मग एक गोड कथा जगभर फिरली: लांडगे आले, एल्क हरणं बिचकली, वाळुंजीची झाडं वाढली, ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर परतले, नद्यांनीही वळणं बदलली. कॉलोराडोतल्या संशोधकांनी वीस वर्षं तिथल्या ओढ्याकाठी कुंपणं घालून, बांध घालून प्रयोग केले. २०२४ मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष बेताचा आहे: लांडगे परतले म्हणून ओढ्याकाठची वाळुंजं आपोआप पूर्वीसारखी झाली नाहीत, एकदा मोडलेलं सहजी जुळत नाही. या निष्कर्षाने लांडग्याचं काही बिघडत नाही. नद्या वळवल्या तरच जगायचा हक्क, अशी अट आपण भरलांना घालत नाही. आणि आपल्याला या आतबट्ट्याच्या गोडीतून बाहेर काढलं ते वीस वर्षं एका ओढ्यावर बसलेल्या माणसांनी. तीन वर्षांच्या अनुदानावर हे काम होत नाही. आपल्याकडे मात्र संशोधक विद्यार्थी डोंगर ओळखू लागतो, टोळ्यांच्या वाटा त्याला कळू लागतात, आणि नेमकी तेव्हाच शिष्यवृत्ती संपते.

हिमालयातल्या लांडग्याच्या बाबतीत तर प्रश्न अगदी नावापासून सुरू होतो. २००० नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी, त्यांतले सुरुवातीचे भारतातलेच, दाखवलं की हा जगभर पसरलेल्या करड्या लांडग्यांहून काही लाख वर्षांपूर्वी वेगळा झालेला वंश आहे. नेपाळच्या हुमला आणि डोल्पा भागांत जेराल्डिन वेऱ्हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विष्ठा वेचत केलेल्या कामातून त्याच्या शरीरात विरळ हवेशी जुळवून घेणारे जनुकीय बदल आढळले. यातला एक गमतीचा भाग: तिबेटी मॅस्टिफ या राखणदार कुत्र्याला उंचीवर टिकण्याचं एक महत्त्वाचं जनुक इथल्या लांडग्याशी झालेल्या संकरातूनच मिळालं, असं अभ्यास सांगतात. राखणदाराच्या रक्तात चोराचा वाटा आहे. आपला कायदा मात्र माळरानावरचा लांडगा आणि चार हजार मीटरवरचा लांडगा यांना एकाच नावाखाली ठेवतो. शिक्षेपुरतं ते ठीक. नियोजनापुरतं नाही, कारण माळरानावर लांडगे वाढले तर डोंगरात घटलेले कोणाच्या लक्षातही येणार नाहीत.

आता मेंढपाळाकडे येऊ. त्याला वगळून लांडग्यावर लिहिणं म्हणजे सासू वगळून सुनेची कैफियत लिहिण्यासारखं.

१९९०च्या दशकात संशोधक चारुदत्त मिश्रा यांनी हिमाचलच्या स्पितीतल्या किब्बर परिसरात नुकसानीची नोंद केली. अठरा महिन्यांत तिथल्या लोकांची १८ टक्के जनावरं हिमबिबट्याने आणि लांडग्याने मारली होती. एका कुटुंबाचं वर्षाचं नुकसान तिथल्या दरडोई उत्पन्नाच्या निम्म्याच्या घरात जात होतं. बँकेतल्या ठेवीतून दरवर्षी कोणी एवढी रक्कम काढून नेली, तर त्या माणसाच्या संवर्धनासाठी आपल्यातले किती जण सही करतील?

लांडग्याचं नुकसान हिमबिबट्याच्या नुकसानीहून वेगळ्या जातीचं असतं, आणि हा फरक धोरणात कुठेच दिसत नाही. हिमबिबट्या बहुतेकदा रात्री मेंढवाड्यात उतरतो. त्यावर उपाय सापडला आहे: मेंढवाड्याला जाळीचं छप्पर आणि धड दार. लडाखमध्ये तो चांगला चालला. लांडगा मात्र बऱ्याचदा दिवसाउजेडी, उघड्या कुरणात, मागे राहिलेली मेंढी उचलतो. मोकळे सोडलेले घोडे आणि याकची वासरं धरतो. तिथे छप्पर कशाला घालणार? घोडा गेला तर एका दिवसात घरातली सगळ्यात मोठी मत्ता गेली. एका प्राण्यासाठी शोधलेला उपाय दुसऱ्याच्या गळ्यात बांधून "आम्ही मदत केली" म्हणायचं, आणि घोडे मरत राहिले की लोकांना अडाणी ठरवायचं, हे बरं नव्हे.

त्यात पर्यटनाचा दुजाभाव. हिमबिबट्या शेळी नेतो, पण त्याच्या नावाने पाहुणे येतात, घरी उतरतात, चार पैसे देऊन जातात. लांडगा नुसतं नेतो. म्हणून स्पितीत लोकांची मतं विचारली गेली तेव्हा लांडग्याबद्दलचा राग हिमबिबट्यापेक्षा जास्त निघाला, यात नवल काय? आपल्या भाषेने तर आधीच निकाल देऊन टाकलाय. एकट्यावर झुंडीने तुटून पडण्याला आपण 'लांडगेतोड' म्हणतो. माणसांनीच केली तरी.

शाळेतली 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट मला अलीकडे फार वेगळी वाटू लागलीय. तिच्यात मुलगा दोनदा खोटं बोलतो, तिसऱ्यांदा लांडगा खरंच येतो आणि कोणी धावत नाही. डोंगरात मुलगा पहिल्यापासून खरं बोलतोय. तो ओरडतो, आणि कार्यालय म्हणतं, पंचनामा कुठे आहे? फोटो कुठे आहे? मेंढी लांडग्यानेच मारली कशावरून? कुरणापासून कार्यालयापर्यंत दोन दिवसांची चाल, तोवर गिधाडांनी हाडं साफ केलेली. भरपाईचे नियम असतात, पण खोटं बोलणाऱ्याला पकडण्याच्या हिशोबाने केलेले. म्हणून किब्बरमध्ये २००२ पासून गावानेच चालवलेली पशुविमा योजना मला सरकारी भरपाईपेक्षा शहाणपणाची वाटते. हप्ता गावाचा, पडताळणी गावाची. शेजाऱ्याशी खोटं बोलणं साहेबाशी खोटं बोलण्यापेक्षा कठीण असतं. ही योजना हिमबिबट्याच्या निमित्ताने सुरू झाली, आणि तिचा गाभा लांडग्यालाही लागू पडतो.

लडाखमध्ये लांडग्याला 'शांगकू' म्हणतात, आणि त्याला पकडायच्या दगडी खड्ड्याला 'शांगदोंग'. भिंती आत झुकलेल्या. आत जिवंत बकरं ठेवायचं. लांडगा उडी मारून आत जातो, झुकलेल्या भिंतीमुळे वर येऊ शकत नाही, आणि मग लोक त्याला दगडांनी ठेचतात. २०१८ मध्ये चुशुल भागातल्या लोकांनी आपल्या शांगदोंगांच्या भिंतींना वाट पाडून ते निकामी केले आणि जवळ स्तूप उभारला. खड्डे पूर्ण पाडले नाहीत. पूर्वजांच्या कष्टांची खूण म्हणून ठेवले. याविषयी पहिल्यांदा वाचलं तेव्हा गळ्यात आवंढा आला होता, हे कबूल करतो. पण मग असंही वाटलं की आपण शहरातली माणसं अशा गोष्टींवर जरा जास्तच लवकर विरघळतो. स्तूप बांधला म्हणून त्या वर्षी मेलेल्या मेंढ्या परत आल्या नाहीत. चांगपांनी, म्हणजे तिथल्या पठारावरच्या मेंढपाळांनी, आपल्या वाटणीचं केलं. आता पुढची उसनवारी फेडायची पाळी आपली आहे, आणि ती टाळ्या वाजवून फिटत नाही.

या सगळ्यात ज्याचं नाव घ्यायला कोणी तयार नसतं तो प्राणी म्हणजे मोकाट कुत्रा. पर्यटकांची खानावळ, वस्तीचा उकिरडा, लष्करी छावणीचं उरलंसुरलं यांवर लडाख आणि स्पितीत कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या गेल्या. त्या मेंढ्या मारतात, भरलांच्या मागे धावतात, लांडग्यांशी संकर करतात; लडाखीत अशा संकराला 'खिपशांग' असा शब्दही आहे. आणि त्यांनी मारलेल्या मेंढीचं बिल बहुतेक वेळा शांगकूच्या नावावर फाटतं. कुत्र्यांमुळे काय होऊ शकतं हे इथिओपियाने पाहिलंय. बाले पर्वतात तीन हजार मीटरच्या वर राहणारा इथिओपियन लांडगा ही वेगळीच प्रजाती, जगात पाचशेच्या आसपास प्रौढ उरलेली. १९९१-९२, २००३ आणि २००८ मध्ये गुराख्यांच्या कुत्र्यांकडून आलेल्या रेबीजने तिथल्या टोळ्यांच्या टोळ्या पुसून टाकल्या. यातल्या नंतरच्या दोन साथी वेळीच कळल्या, कारण तिथे १९९५ पासून माणसं रोज टोळ्या बघत होती. त्यांनी कुत्र्यांना लस टोचली, नंतर लांडग्यांना आमिषातून लस दिली. आपल्याकडे अशी साथ आली तर टोळी गेली हे किती वर्षांनी कळेल?

आपले २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम सांगतात की निर्बीजीकरणानंतर कुत्रा जिथून धरला तिथेच सोडावा. शहराच्या गल्लीत त्यामागे तर्क असेल. लांडग्याच्या आणि काळ्या मानेच्या क्रौंचाच्या घरात तोच कुत्रा परत नेऊन सोडण्यात मला तर्क दिसत नाही. हे लिहिल्यावर श्वानप्रेमी मित्र रागावतील. रागावोत. पण आधी उकिरड्याची जबाबदारी ज्याची त्याच्यावर टाकली तर कुत्रे मारायचा प्रश्न उद्भवण्याआधीच बराचसा सुटेल, हेही त्यांनी ऐकावं.

एक आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. मोजणी झाली की ती हत्यार होते. इटलीत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लांडगे शंभराच्या आसपास उरले होते. लुइजी बोइतानी आणि एरिक त्सिमेन यांनी ॲपेनाइन्सचे डोंगर पिंजून ते मोजले, संरक्षण आलं, आणि २०२०-२१ च्या देशव्यापी पाहणीत आकडा ३,३०० च्या घरात पोचला. मधल्या काळात ते आल्प्स चढून १९९२ मध्ये फ्रान्समध्ये उतरलेही. आता युरोपात हेच आकडे पुढे करून "पुरे झाले लांडगे" म्हणणारे जिंकू लागलेत. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपातल्या वन्यजीवांच्या रक्षणासाठीच्या बर्न करारात लांडग्याचं संरक्षण एक पायरी खाली आणलं गेलं, २०२५ मध्ये युरोपीय संघाने आपला कायदा त्याबरहुकूम बदलला. मग न मोजलेलंच बरं नाही का? मला तसं वाटत नाही. तिथलं भांडण निदान मोजलेल्या लांडग्यांवरचं आहे: किती असावेत, किती मारता येतील, कोणी किती सोसावं. आपल्याकडे संख्या माहीत नसतानाच लांडगा गुपचूप विषाने आणि गुहेत धूर करून मरतो, आणि त्याच्या मरणाची बातमीही होत नाही.

मागणी काय, तर ती अगदी रुक्ष आहे. हिमबिबट्याच्या नावाने जाणारी माणसं, कॅमेरे आणि पैसा त्याच खोऱ्यांत फिरतो. त्यातला ठरलेला वाटा विष्ठा वेचण्याला आणि जनुकीय तपासणीला द्या. मोजकी चार-पाच खोरी निवडा, आणि तिथे दहा वर्षं हलू नका. मेलेल्या जनावरावरची लाळ तपासून मारेकरी लांडगा की कुत्रा हे ठरवण्याची सोय जिल्ह्याच्या पातळीवर आणा, म्हणजे शांगकूच्या नावावरची निम्मी बिलं तरी कोणाची ते कळेल. भरपाईत घोडा आणि याक यांची खरी किंमत धरा. आणि मेंढपाळाला पगार द्या. मानधन नव्हे, पगार. वर्षभराचा, नोंदी ठेवण्याचा. शोधनिबंधात आज तो 'उत्तरदाता' असतो, प्रकल्प अहवालात 'लाभार्थी' असतो, आणि दोन्हीकडे त्याच्यासाठी 'जनजागृती' नावाचं एक कलम असतं. ज्याच्या शेळ्या रात्री मेल्या तो जागाच असतो.

लांडगी एप्रिल-मेच्या सुमारास वीते. त्याच दिवसांत मार्मोट बिळांतून बाहेर येतात, बर्फ वर सरकतं आणि कळप कुरणांकडे निघतात. गुहा कोणत्या घळीत आहे हे त्या खोऱ्यात पहिल्यांदा कळतं ते कळपामागे चालणाऱ्या माणसाला. संशोधकाला वर्षभर धडपडून हवी असते ती नेमकी हीच माहिती, आणि धूर करून पिल्लं मारायलाही नेमकी हीच लागते. गेल्या महिन्यात त्याचा घोडा गेला, त्याचा अर्ज कुठल्या टेबलावर पडलाय त्याला माहीत नाही. समोर घळ आहे, आतून बारीक आवाज येतोय, आणि खिशात काडेपेटी आहे.